आगीनंतरची जीप

जुन्या पेट्रोल जीपला लागणारी आग बहुधा एखाद्या किरकोळ गोष्टीतून सुरू होते. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई अडकते आणि पेट्रोल बाहेर सांडू लागते, किंवा रबरी नळीला क्लिपच्या खाली केसाएवढी चीर जाते. कधी पेट्रोल पंपाच्या काचेच्या वाटीखालचे कॉर्कचे पॅकिंग वाळते. खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो, शेजारी ठिणगी टाकणारा डिस्ट्रिब्युटर. त्यात बॅटरीपासून निघणारी मुख्य वायर जुन्या जीपमध्ये फ्यूजशिवायच फिरलेली असते. एकदा इन्सुलेशन वितळून ती वायर चासीला टेकली की बॅटरी स्वतःच आगीत तेल ओतते. स्टिअरिंग आणि पेडलसाठी पाडलेल्या भोकांतून ज्वाळा डॅशबोर्डकडे येतात, तिथून रेक्झिनच्या सीट, मग कापडी हूड. पेट्रोलची टाकी सीटच्याच खाली असते, हे या गाडीचे सर्वांत वाईट वैशिष्ट्य.

तरीही बंद मोटारीपेक्षा जीप आगीतून बरी निघते, आणि त्याचे श्रेय तिच्या उघडेपणाला आहे. बंद मोटारीत छत उष्णता कोंडून ठेवते. जीपचे हूड जळून गेले की उष्णता सरळ वर निघून जाते आणि खालची चासी बरीचशी वाचते. म्हणून जळालेली जीप भंगारात घालण्याआधी ती नीट वाचावी लागते.

इथे उदाहरण घेतले आहे ते सीजे-3बी या जीपचे. विलीज कंपनीने 1953 मध्ये ती अमेरिकेत बाजारात आणली. तिचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे, कारण आतले हरिकेन इंजिन उंच आहे. 2.2 लिटरच्या या चार सिलिंडरच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये बसवलेले असतात. अमेरिकेत हे मॉडेल 1968 पर्यंत चालले. जपानमध्ये मित्सुबिशीने परवान्यावर काढलेली त्याची भावंडे 1998 पर्यंत बनत राहिली. महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू केली होती. पुढे सीजे-3बी हीच सरकारी खात्यांची, पोलिसांची, साखर कारखान्यांची आणि शेवटी वडापची जीप झाली. 80 इंचांचा व्हीलबेस, पुढे-मागे पाट्यांचे सस्पेन्शन, शिडीसारखी चासी, तीन गिअरचा गिअरबॉक्स आणि त्यामागे ट्रान्सफर केस, एवढाच तिचा संसार. ती सुटी करायला एक पान्यांचा संच आणि चेन-पुली पुरते.

आग किती तापली होती हे जळालेली जीप स्वतःच सांगते. रेडिएटरचे शिशा-कथलाचे झाळण 190 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. ते ओघळलेले असेल आणि शेजारी कार्ब्युरेटरचे जस्ताच्या मिश्रधातूचे अंग शाबूत असेल, तर त्या जागी तापमान 380 अंशांच्या पुढे गेलेले नाही. जस्त वितळून गोळा झाले असेल पण अॅल्युमिनियमचे भाग टिकले असतील, तर 600 च्या आत. अॅल्युमिनियमचे डबके सांडून गोठलेले दिसले, की त्या जागी 600 ओलांडले असे धरावे. काचेच्या कडा मेणासारख्या गोल झाल्या असतील तर 700 च्या घरात. तांब्याची वायर मात्र 1085 अंशांपर्यंत वितळत नाही. तिच्या टोकाला चकचकीत मणी तयार झालेला दिसला तर तो बहुधा आगीचा नव्हे, शॉर्टसर्किटचा पुरावा असतो. चासीच्या चित्रावर या खुणा खडूने मांडल्या की आगीचा नकाशा तयार होतो. आगीचा ताप साधारणपणे फायरवॉलभोवती सर्वाधिक असतो आणि मागच्या क्रॉस मेंबरकडे उतरत जातो. जीप धुवायची ती हा नकाशा झाल्यावर. पहिल्या दिवशी पाण्याचा फवारा मारणारा हौशी माणूस निम्मी माहिती गटारात सोडतो.

नकाशाचा उपयोग असा, की प्रत्येक प्रकारचे पोलाद आगीला वेगळा जाब देते. चासी आणि पत्रा साध्या, कमी कार्बनच्या पोलादाचा असतो. असे पोलाद 600 अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावते, पण थंड झाल्यावर ती जवळजवळ सगळी परत मिळवते. म्हणून चासीची खरी काळजी वाकण्याची. मऊ पडण्याची तितकी नाही. पाट्यांचे तसे नाही. पाट्याचे पोलाद आधी कडक करून मग 400 ते 500 अंशांवर पाणी उतरवलेले असते. आग त्याच्यावर गेली तर तो पाटा दिसायला पाटाच राहतो, पण त्याची स्प्रिंग संपलेली असते. गाडी त्या कोपऱ्यात बसते आणि पुन्हा उठत नाही. कानस मारून पाहिल्यास मऊ पडलेल्या पाट्याला कानस सहज खाते, चांगल्या पाट्यावर कानस घसरते. उच्च ताकदीचे नट-बोल्ट याच कारणाने सरसकट बदलायचे: स्टिअरिंगचे, यू-बोल्ट, शॅकल पिना. बेअरिंगचे पोलाद तर त्याहून नाजूक, 200 अंशांच्या पुढे त्याची कडकी उतरू लागते. चकचकीत भागावर पिवळसर झाक आली असेल तर ताप 220-230 अंशांचा, निळी असेल तर 300 च्या आसपासचा. निळे बेअरिंग फिरवून बघण्याचीही गरज नाही.

ब्लॉक बिडाचा असतो आणि बिडाला आगीपेक्षा आगीवर मारलेल्या पाण्याचे भय जास्त. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी पडले की व्हॉल्व्हच्या बैठकांमधून, वॉटर जॅकेटच्या भिंतींतून तडा जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. जुना गॅरेजवाला ब्लॉक पुसून रॉकेल लावतो, तासाभराने कोरडा करतो आणि वर खडूची भुकटी भुरभुरतो. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. बाजारात लाल रंगाचे आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे मिळतात, त्यांचे तत्त्व हेच.

चासीची तपासणी समतल फरशीवर करायची. पाट्यांच्या हँगरपासून, बॉडी माउंटच्या भोकांपासून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले तर चासी चौकोनात आहे. पाचएक मिलिमीटरचा फरक आला तर जुन्या जीपच्या बाबतीत तो आगीच्या आधीपासूनचाही असू शकतो, कारण या गाड्यांनी उसाच्या ट्रॉल्यादेखील ओढल्या आहेत. त्याहून मोठा फरक सरळ करावा लागतो. वाकलेल्या जागी कापून प्लेट मारणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. त्याने ताण प्लेटच्या कडेला जमतो आणि तडा तिथूनच निघतो.

याच टप्प्यावर चासी नंबर जपायचा असतो. कंपनीची पट्टी अॅल्युमिनियमची असेल तर ती वितळून गेलेली असते, मात्र चासीवर ठोकलेला नंबर टिकतो. सँडब्लास्टिंगच्या आधी त्या जागी चिकटपट्टी लावून झाकावे, आणि त्याआधी पेन्सिल प्रिंट काढून ठेवावी: नंबरावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासली की आकडे कागदावर उठतात. आरटीओत हीच प्रिंट मागतात. नंबर पुसला गेलेली चासी कितीही सरळ असली तरी कायद्याच्या दृष्टीने लोखंडाचा तुकडा आहे.

पत्र्याचा मोठा शत्रू आगीनंतर येतो. वायरींचे आणि रेक्झिनचे पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, धुराबरोबर प्रत्येक फटीत बसतो आणि ओलावा मिळाला की आम्ल होतो. आगीच्या दुसऱ्या दिवशी उघडा पत्रा केशरी पडतो तो यामुळे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, मग साबणाने आणि भरपूर साध्या पाण्याने धुऊन लगेच वाळवणे, आणि ब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारणे, यात दिरंगाई चालत नाही. जीपचा पत्रा बहुतेक सपाट असतो आणि सपाट पत्रा तापला की फुगतो. दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक् करून आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. कुशल डेंटर अशा जागी लालबुंद ठिपके तापवून ओल्या फडक्याने विझवत पत्रा आवळतो. ज्याला ते जमत नाही तो लांबी (पुट्टी) भरतो. अर्धा इंच लांबीखाली झाकलेली बॉडी पहिल्या खडबडीत रस्त्यावर उलते. बॉनेट आणि फायरवॉल फार ताणली असतील तर नवी घेणे स्वस्त पडते. या जीपचे पत्र्याचे भाग आजही घडवून मिळतात.

आता इंजिन. तडा गेलेल्या हरिकेनच्या जागी दुसरे हरिकेन शोधावे की डिझेल बसवावे, या प्रश्नाला भारतात जुना इतिहास आहे. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि डिझेलचे दर सरकारने दीर्घकाळ खाली ठेवले. त्या काळात अँबॅसेडरपासून जीपपर्यंत असंख्य गाड्यांची पेट्रोल इंजिने उतरली. डिझेलचे दर ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि तो हिशेब बराचसा संपला. आज उरते ते कमी फेऱ्यांवर मिळणारे ओढीचे बळ, सुटे भाग सापडण्याची खात्री, आणि आगीबाबतचा एक मुद्दा. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. डिझेलला त्यासाठी किमान 35 अंश तरी लागतात. सांडलेले डिझेल म्हणून एका ठिणगीने सहसा भडकत नाही. पण तापलेल्या पृष्ठभागावर उडालेले डिझेल ठिणगीशिवाय, आणि पेट्रोलपेक्षा कमी तापमानाला, आपोआप पेटते. डिझेल इंजिन चालते ते याच गुणावर, आणि फुटलेला इंजेक्टर पाइप एक्झॉस्टवर फवारा मारतो तेव्हा गाडी जळते तीही याच गुणामुळे.

इंजिन विकत घेण्याआधी आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. ज्या जीपच्या आरसी बुकात इंधन म्हणून डिझेलची नोंद आधीच आहे तिची वाट त्यातल्या त्यात सोपी. दुसरा पेच 2021 च्या नियमांनी आणला. 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या मालिकेत नोंदवता येते. सत्तरीच्या आधीची अस्सल सीजे-3बी या सवलतीला पात्र असते, पण डिझेल चढवलेली नाही. 1960 च्या सुमाराची जीप हातात असेल आणि तिचा ब्लॉक वाचत असेल, तर डिझेलचा मोह टाळलेला बरा.

डिझेल ठरलेच, तर घरचेच घ्यावे. महिंद्राने स्वतःच्या जीपमध्ये वापरलेली दोन इंजिने यासाठी सहज सुचतात. एक प्यूजोच्या परवान्याचे एक्सडीपी 4.90. नावातच त्याची ओळख आहे: चार सिलिंडर, 90 मिमी बोअर. स्ट्रोक 83 मिमी, क्षमता 2112 घनसेंमी. ज्वलन हेडमधल्या छोट्या कप्प्यात सुरू होते, म्हणून ते तुलनेने मऊ चालते, फेऱ्याही जास्त घेते. थंडीत मात्र हीटर प्लग तापवल्याशिवाय उठत नाही. दुसरे डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचे 2523 घनसेंमीचे. त्याचा बोअर 88.9 आणि स्ट्रोक 101.6 मिमी. इंचांत मोजले तर साडेतीन आणि चार, आणि ही मापे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनाची आहेत. चालीतही तेच कूळ दिसते: दणदणीत आवाज, जेमतेम 3200 फेऱ्या, आणि दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना कुरकुर नाही. परदेशी वापरलेली इंजिने अधिक गुळगुळीत चालतात, पण त्यांच्या एका ऑइल सीलसाठी तीन शहरे फिरावी लागतात.

इंजिन बसवणे म्हणजे ब्रॅकेट वेल्ड करणे, असा समज असतो. खरी मारामारी मिलिमीटरशी असते. सीजे-3बीच्या दोन्ही एक्सलचे डिफरन्शियल मध्यावर नसून उजवीकडे सरकलेले आहे, कारण ट्रान्सफर केसमधून शाफ्ट उजवीकडूनच निघतात. पुढचे पाटे पूर्ण दाबले गेले की डिफरन्शियलचा गोळा इंजिनच्या चेंबरला भिडू शकतो. म्हणून बॉडी नसलेल्या चासीवर, पाट्यांखाली जॅक लावून एक्सल वर उचलून, चेंबर, स्टिअरिंगचा बॉक्स आणि एक्झॉस्टची वाट पाहायची. ब्रॅकेट आधी नुसते टाके मारून धरायचे, पक्के वेल्डिंग शेवटी. इंजिन मागे सरकवले तर ट्रान्सफर केसही मागे जातो आणि 80 इंचांच्या गाडीत आधीच आखूड असलेला मागचा प्रोपेलर शाफ्ट आणखी आखूड होऊन त्याचा कोन उभा होतो. चार गिअरचा लांब गिअरबॉक्स घेण्याच्या हौसेला इथेच लगाम बसतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे हवेत. नाहीतर साठच्या पुढे फरशी गुणगुणू लागते आणि क्रॉस लवकर जातात.

जुना तीन गिअरचा गिअरबॉक्स ठेवायचा तर इंजिन आणि बेल हाऊसिंग यांच्यामध्ये अॅडॅप्टर प्लेट लागते. ती लेथवर बनते, पण तिचे मध्यबिंदू जुळले की नाही हे डोळ्यांना कळत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून सुई बेल हाऊसिंगच्या भोकाच्या कडेला लावायची आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचा. सुई 0.13 मिमीपेक्षा जास्त हलली तर प्लेट सरकवायची. हे न करता जोडलेली गाडी सुरुवातीला उत्तम चालते; काही महिन्यांत पायलट बेअरिंग ओरडते, पहिला गिअर सुटू लागतो आणि दोष गिअरबॉक्सवर जातो.

गतीचा हिशेब कागदावर आधीच करता येतो. जीपचे एक्सल गुणोत्तर 5.38. टायरचा एक फेरा साधारण 2.2 मीटर धरला, तर टॉप गिअरमध्ये 4000 फेऱ्यांना पेट्रोल जीप ताशी 98 किलोमीटर धावते. तेच एक्सल 3200 फेऱ्यांच्या डीआयला लावले की गाडी 78 वर थांबते, आणि तिथेही इंजिन शेवटच्या श्वासावर असते. गुणोत्तर 4.88 केले तर 87. चक्रीची जोडी मात्र पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलमध्ये एकाच गुणोत्तराची बसवावी लागते. फक्त मागची बदलली आणि फोर व्हील टाकले, तर दोन एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस तुटतो.

वायरिंग सगळे नवे, हे वेगळे सांगायला नको. सुरुवातीच्या जीप 6 व्होल्टच्या होत्या. डिझेलच्या दाबाला हरवणारा स्टार्टर 12 व्होल्टचा आणि बॅटरी बरीच मोठी लागते. मुख्य वायरला या वेळी फ्यूज आणि बॅटरी कटऑफ हवाच. डिझेलला थ्रॉटल नसल्याने मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून व्हॅक्यूमवर फिरणारे जुने वायपर मुके होतात. त्यांच्या जागी विजेचे. इंजिन बंद करायला स्टॉपरची केबल. टाकी नवी घ्यावी, पण जस्त चढवलेली नको. डिझेल जस्ताशी हळूहळू विक्रिया करून चिकट साका बनवते आणि तो पंपात जातो. इंजेक्टरमधून उरलेले डिझेल परत नेणारी नळी टाकीपर्यंत ओढावी लागते, जी पेट्रोल जीपमध्ये नसतेच. रेडिएटर मोठा, पुढच्या पाट्यांत जादा वजनासाठी एक पाटा वाढीव. ब्रेक नवे करताना जुन्या एका सर्किटच्या मास्टर सिलिंडरऐवजी दोन सर्किटचा बसवावा, एक नळी फुटली तरी दोन चाके तरी धरतील.

नोझल आधी पंपाच्या दुकानात तपासून घेतलेले असावेत. पहिल्यांदा सुरू करताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. तीच क्रिया पंपावर आणि शेवटी, स्टार्टर फिरवत, नोझलच्या नटांवर. एअर राहिली तर इंजिन एकदोनदा फुरफुरून गप्प बसते. एक माणूस मात्र हवेच्या तोंडाशी लाकडी फळी घेऊन उभा असावा. पंपाचा रॅक अडकला किंवा ऑइल आत ओढले गेले तर डिझेल इंजिन चावी काढूनही थांबत नाही, फेऱ्या वाढवतच जाते. तेव्हा हवा कोंडणे हाच उपाय, आणि त्यासाठी हात वापरायचा नाही.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, फाउंडेशनचे बोल्ट आणि अॅडॅप्टरचे बोल्ट पुन्हा आवळायचे. त्याच वेळी इंजिन चालू ठेवून प्रत्येक इंजेक्टर पाइपच्या सांध्याजवळून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. पाइपमधल्या दाबाने डिझेल कातडीत शिरते म्हणून बोट कधीच नाही. पुठ्ठ्यावर ओला ठिपका उमटला तर तो पाइप एक्झॉस्टच्या किती जवळ आहे ते पाहायचे, आणि ठिपका नाहीसा होईपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही.